शाळेमागचा ताड

चुका दुरुस्त करण्याची मला लहानपणापासून खोड. घरी लग्नपत्रिका आली की मुहूर्त बघण्याआधी मी पेन्सिल शोधायची. वडील म्हणत, हिच्या हाती कागद देऊ नका, रक्तबंबाळ करून परत देईल. पुढे याच खोडीवर मला नोकरी लागली आणि तांबड्या शाईची दौत मी कॉलेजच्या खर्चानं आणू लागले. त्याचा मला केवढा अभिमान होता! आज तांबडी शाई नुसती दिसली तरी मी नजर फिरवते. त्याला कारण नवापूरची एक मुलगी आणि ताडाचं एक झाड.

साठच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. माझा थोरला भाऊ तारापूरच्या किनाऱ्याकडे चाललेल्या मोठ्या बांधकामावर ओव्हरसिअर होता. साताऱ्याहून आम्ही त्याच्या मागोमाग बोईसरला आलो. आई, वहिनी, आणि एम.ए. होऊनही लग्न न जमलेली मी. तेव्हाचं बोईसर म्हणजे स्टेशन, चार दुकानं, भाताची खाचरं आणि बाहेरून आलेल्या कामगारांची हिंदी. किनाऱ्याकडून दुपारी सुरुंगांचे आवाज येत. आधी भोंगा वाजायचा, मग सगळं गप्प व्हायचं, आणि मग जमिनीतून धक्का यायचा. आईला धक्क्याचं काही वाटत नसे, पण मधल्या गप्प वेळात ती हातातलं काम टाकून उभी राहायची.

पालघरला कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं आणि तिथं मराठीला ट्यूटर हवा होता. ट्यूटर म्हणजे प्राध्यापकाच्या खालचा माणूस. त्यानं व्याख्यान द्यायचं नाही, मुलांनी लिहिलेलं तपासायचं आणि त्यांना शेजारी बसवून लिहायला शिकवायचं. प्राचार्यांनी मला ग्रंथालयातल्या दोन कपाटांमागची जागा दिली. एक टेबल, दोन खुर्च्या, वर तापलेला पत्रा. ‘ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मंगळवारी व शुक्रवारी दुपारी यावे’ अशी पाटी मी मोठ्या दिमाखात लावली आणि महिनाभर एकटीच घाम पुसत बसले. लिहिता येत नाही हे चारचौघांत कबूल करायला कोण येणार! शेवटी पाटी बदलली. ‘लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवायला या.’ तेव्हा कुठं एकेक करून मुलं येऊ लागली.

माझी पद्धत ठरलेली होती. मुलानं स्वतःचा निबंध मोठ्यानं वाचायचा. डोळे फसतात, पण मोठ्यानं वाचलं की चूक आपल्याच कानाला कळते, असं मी रोज दहा वेळा सांगायची. वाचताना मी मध्येच थांबवायची आणि विचारायची, ‘म्हणजे काय?’ ‘गावातील वातावरण रम्य आहे.’ म्हणजे काय? ‘शेतकरी कष्टाळू असतात.’ म्हणजे काय? मुलांनी माझं नावच ‘म्हणजे-काय-बाई’ पाडलं होतं. मासवणच्या बाजूच्या एकानं तर पाठीमागून माझ्या आवाजात ते म्हणून दाखवलं आणि मी वळल्यावर त्याची दातखीळ बसली. मी हसले नाही. तेव्हा मी फारशी हसत नसे.

आणखी एक पद्धत होती. प्रत्येकाचा प्रत्येक खर्डा मी ठेवून घ्यायची. पहिला, दुसरा, शेवटची नक्कल, सगळे एकत्र सुतळीनं बांधून कपाटात. कुठून कुठं आलो हे मुलांना दाखवता येतं म्हणून. मागितला तरी खर्डा परत द्यायचा नाही, हा माझा नियम, आणि नियम म्हटला की मी त्याला चिकटून बसणारी.

ती पहिल्या वर्षाची होती. नवापूरहून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. एस.टी.नं बोईसर, तिथून गाडीनं पालघर. पुष्कळदा आम्ही एकाच डब्यात असू, पण ती माझ्यासमोर बसायची नाही, दाराशी उभी राहायची. वडील मासेमारी करणारे, घरची स्वतःची होडी. आई माशांची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. मुलीला कॉलेजात पाठवण्यावरून घरात बराच काथ्याकूट झाला होता. शेवटी वडिलांनी परवानगी दिली ती एका अटीवर. तिनंच मला ती सांगितली होती, हसत हसत. ‘बाबा म्हनाले, शीक, पन घरातलं भायेर जाता कामा नाय.’ मला वाटलं, भांडणतंट्याच्या गोष्टींबद्दल म्हणत असतील. तिनं त्याचा अर्थ सांगितला नाही. आणि जगाला ‘म्हणजे काय’ विचारणाऱ्या मी तेव्हा मात्र विचारलं नाही.

तिचा पहिला निबंध गाईडातून उचललेला होता. निळाशार समुद्र, सोनेरी वाळू, शुभ्र बगळ्यांची माळ.

“तुमच्याकडचा समुद्र निळा आहे?” मी विचारलं.

“नाय बाई. मातीसारका हाय.”

“आणि वाळू?”

“काली. चिकल जास्त.”

“मग हा निळा समुद्र कुणाच्या बापाचा उचलून आणलास?”

माझ्या जिभेला हाड नव्हतंच. वाटलं, आता रडेल. पण ती तोंडावर हात ठेवून हसली, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला तिथंच बसून लिहिलं. ओहोटीला चिखलात पाय कसा रुततो, तो कुठून काढायचा, आणि चप्पल आत राहिली तर हात घालून शोधायची नाही, कारण आत शिंपल्या पात्यासारख्या असतात. सहा ओळी. मी तांबडं पेन उचललं आणि परत ठेवलं. असं माझ्या हातून क्वचितच व्हायचं.

त्यानंतर ती दर मंगळवारी-शुक्रवारी आली. मी तिला इतर कुणाहून जास्त छळलं, कारण तिच्यातून काहीतरी निघणार हे मला दिसत होतं. दिवाळीनंतर ‘माझ्या वडिलांचे काम’ हा विषय दिला. तिनं लिहिलं की वडील समुद्रात एका ठिकाणी जातात, तिथं पाण्याखाली खडक आहे, आणि त्या खडकाशी घोळ मासा असतो.

“ठिकाण म्हणजे काय? पाण्यात ठिकाण कसं कळतं?”

“कलतं त्यांना.”

“कळतं म्हणजे काय? वाचणाऱ्याला कसं कळणार?”

तीन वेळा मी तिला ते पुन्हा लिहायला लावलं. चौथ्या वेळी तिनं आणला तो खर्डा वाचताना तिचा आवाज इतका खाली गेला की मला टेबलावर ओणवं व्हावं लागलं. त्या खडकावर खूण म्हणून काही तरंगत ठेवत नाहीत. खुणा किनाऱ्यावर असतात. देवळामागचा ताड काळदुर्गाच्या चौकोनी माथ्याच्या बरोबर खाली आला पाहिजे, आणि त्याच वेळी उत्तरेला तारापूरच्या किल्ल्याचा बुरूज सुरूच्या बनातल्या शेवटच्या झाडाला टेकला पाहिजे. दोन्ही खुणा जुळल्या की होडीखाली खडक असतो. एक जुळून दुसरी सुटली तर खाली नुसता चिखल. खुणा जुळवताना बाबा बोलत नाहीत, श्वासही हळू घेतात, जणू समुद्र ऐकतोय. लहानपणी होडीत झोपल्याचं सोंग घेऊन तिनं हे पाहिलं होतं.

माझ्या अंगावर काटा आला. कॉलेजात आल्यापासून इतकं चांगलं मी काही वाचलं नव्हतं. तसं मी तिला सांगितलंही. ती खुश झाली, पण लगेच म्हणाली, “बाई, ह्ये तुमच्यापाशीच राहील ना?”

“अगं, लाजतेस काय! लिहितात ते वाचण्यासाठीच.”

मी खर्डा घेतला, तारीख घातली आणि सुतळीत बांधला. ती गाठ बसेपर्यंत ती माझ्या बोटांकडे बघत होती.

थंडीत तिच्या आईनं एकदा बाजारात मला हटकलं. पोरीच्या बाई घरी आल्याच पाहिजेत. एका रविवारी मी नवापूरला गेले. गावात शिरल्यापासून माझी नजर खुणा शोधत होती. देऊळ दिसलं, त्यामागं तो उंच ताड दिसला. शाळा दिसली, तिच्यामागं बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या आणि पलीकडे मोकळं आकाश. मी उत्साहानं हात वर केला, “हाच ना तो?” तिनं पटकन माझा हात खाली घेतला. “बाई, बोट दाखवू नका.” तिच्या हाताला घाम होता. थंडीत.

वडील अंगणात जाळं शिवत बसले होते. सगळे त्यांना नाखवा म्हणत, मीही म्हणाले. मी बसल्यावर हातातली गाठ मारून त्यांनी विचारलं, “बाई, तुमी काय शिकवता?”

“लिहायला.”

“तिला येतं की लिवायला.”

“चांगलं लिहायला, नाखवा.”

“चांगलं म्हंजे?”

माझाच प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी जरा सावरून म्हणाले, “म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं पाहिजे. आपण तिथं गेलो नसलो तरी दिसलं पाहिजे.”

त्यांचा हात थांबला. “सगलं?”

“सगळं.”

“सगल्यांना?”

तेवढ्यात किनाऱ्याच्या उत्तरेकडून भोंगा वाजला आणि अंगण गप्प झालं. ती स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती. ती वडिलांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग धक्का आला, कपांतला चहा हलला, आणि नाखवांनी पुन्हा जाळ्यात सुई घातली. निरोप देताना तिची आई मला वेशीपर्यंत पोचवायला आली. सहज बोलण्यात म्हणाली, “नवरात्र सरलं का आठ-धा दिस घोल येते बगा, त्याच्यावरच वरीस निगतं. न्हायतर पोरीला कुटचं कॉलेज!” मी मान डोलावली. बोलणं कानावरून गेलं, डोक्यात शिरलं नाही.

जानेवारीत कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम माझ्याकडे आलं. मी पहिल्याच दिवशी तिला बोलावून सांगितलं की तिचा लेख अंकात पहिला येणार. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“बाई, दुसरं देते. आईच्या बाजाराचं लिवते.”

“दुसरं नको. हेच.”

“मंग तो खर्डा द्या. सुद्ध नक्कल करून आनते.”

“खर्डा मिळणार नाही, नियम माहीत आहे तुला. इथंच बसून बघून नक्कल कर.”

तिनं तशी नक्कल केली. चार दिवसांनी परत आली आणि म्हणाली की अक्षर नीट आलं नाही, घरून नवी नक्कल लिहून आणली आहे. मी ती ठेवून घेतली, जुनी सुतळीत बांधली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. तो मूळ खर्डा मिळेल का? मी चिडले. “खर्डा आहे की सोन्याची माळ? घेऊन काय करणार आहेस?” शेजारच्या मुली हसल्या. “राहू दे, बाई,” ती म्हणाली. तिनं मला कारण सांगितलं नाही, याचं पुढं कितीतरी दिवस मी दुःख केलं. पण सांगणार कसं? घरातलं गुपित मी बाहेर टाकलंय, हे आधी कबूल करावं लागलं असतं. शिवाय बाईंना नाही म्हणायचं नसतं, हे तिला आमच्यासारख्यांनीच शिकवलं होतं.

एप्रिलमध्ये छापखान्यातून मुद्रितं आली. परीक्षा संपून मुलं घरी गेली होती. पत्र्याखाली एकटी बसून मी एकेक ओळ मोठ्यानं वाचत होते. तिच्या लेखाशी आले आणि अडखळले. ‘शाळेमागचा ताड काळदुर्गाच्या चौकोनी माथ्याच्या बरोबर खाली आला पाहिजे.’ शाळेमागचा? शाळेमागं ताड कुठला! मी स्वतः पाहून आले होते, तिथं वलांड्यांपलीकडे काही नव्हतं. मी कपाटातून गठ्ठा काढला, सुतळी सोडली, मूळ खर्डा बघितला. देवळामागचा. जुन्या नकलेतही देवळामागचा. म्हणजे घरी घाईत नक्कल करताना पोरीचा हात चुकला. माझ्या पद्धतीचा केवढा उपयोग झाला, असं वाटून मी अक्षरशः हरखले. ‘शाळे’वर तांबडी रेघ मारली, वर ठळक ‘देवळा’ लिहिलं. मुद्रितं गेली.

वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल. मला कळलं नव्हतं. त्या दिवशी मी गाडीत गाणं गुणगुणत घरी आले होते.

जूनमध्ये अंक वाटले. ती पास होऊन दुसऱ्या वर्षात आली होती. मी तिला कपाटामागं बोलावून तिची प्रत हातात दिली आणि चेहरा खुलायची वाट बघत बसले. तिनं पान उघडलं. बोट ओळींवरून सरकत एका जागी थांबलं.

“बाई, इतं बदललंय.”

“हो. तुझी चूक झाली होती नक्कल करताना. माझ्या लक्षात आली म्हणून बरं.”

तिनं अंक मिटला. मग विचारलं, “किती परती छापल्या?”

“सगळ्यांना पुरतील एवढ्या.”

“वाटल्या सगल्या?”

“सकाळीच. काही गावोगावच्या वाचनालयांनाही गेल्या.”

“हो बाई,” ती म्हणाली आणि उठली. आभारसुद्धा न मानता गेली म्हणून मी मनातून जरा खट्टू झाले.

पुढच्या दोन आठवड्यांत अंक नाहीसे होऊ लागले. वाचनकक्षातले गेले, मुलींच्या खोलीतले गेले, प्राध्यापकांच्या टेबलावरचेही. ग्रंथपाल वैतागले. एका दुपारी मी मुलींच्या खोलीत शिरले तर ती फळीमागून गठ्ठा काढून पिशवीत भरत होती. तीसेक अंक असतील. मला हसू फुटलं. “अगं, स्वतःचं छापून आलेलं कुणाला आवडत नाही? पण एवढी हाव! दुसऱ्यांना वाचू दे की.” सगळ्या मुली खो खो हसल्या. मी तिला माझ्यासमोर ते सगळे अंक वाचनकक्षात नेऊन मांडायला लावले. तिनं एकेक करून मांडले. प्रत्येक अंक ती पालथा ठेवत होती. मी तेही पाहिलं, आणि ती शरमली असं समजले.

मग पाऊस लागला. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवल्या गेल्या. पावसाळ्याचे दोन-अडीच महिने किनाऱ्यावरच्या माणसांना समुद्र बंद. घरात बसून जाळी शिवायची, गप्पा मारायच्या. आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी आणलेलं काही असलं तर ते वाचून घ्यायचं. आमचा अंक त्या पावसात किती घरांत मोठ्यानं वाचला गेला कोण जाणे. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. काही झालं नाही. ती यायची, मी सांगितलेलं लिहायची. ओळी कोरड्या असायच्या. गाईडातल्यासारख्या. ‘म्हणजे काय?’ विचारलं तर म्हणायची, “काय नाय बाई.” खिडकीतून पश्चिमेकडे बघत राहायची. भोंगा वाजून गेल्यानंतरच्या त्या गप्प वेळात माझी आई जशी उभी राहायची, तशी ती ते चार महिने उभी होती. धक्का कुठून येणार हे तिला ठाऊक होतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि ती आली नाही. दोन मंगळवार गेले, दोन शुक्रवार गेले. एका सकाळी बोईसर स्टेशनवर तिची आई दिसली. पाटी समोर, डोक्यावर पदर. मी हाक मारली तर तिनं मान फिरवली. जवळ जाऊन बसले तेव्हा बोलली, माझ्याकडे न बघता.

“खडकावर गेले तर सात होड्या हुब्या. इकडच्या, तिकडच्या. कागदात छापून आलं म्हनतात. आमच्या आज्यापासून कुनाला म्हाईत नव्हतं.”

“मावशी…”

“पोरगी म्हनते, मीच लिवलं. बापानं हात नाय उगारला. उगारला असता तर बरं झालं असतं.”

त्या दिवशी मी पालघरच्या गाडीत चढलेच नाही. एस.टी.नं नवापूरला गेले. वाटेत स्वतःला समजावत होते, की गुपित आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझी चूक तेवढीच. माफी मागायची आणि मुलीला परत न्यायचं.

नाखवा अंगणात होते. होडी वर ओढलेली होती, ऐन हंगामात. मी म्हणाले, “नाखवा, मुलीवर रागावू नका. छापायचं मी ठरवलं.”

“तुमी छापलं. लिवलं तिनं. ती म्हनाली, बाबा, माजी चूक.”

“तिची कसली चूक! उलट छापायला दिलं त्यात तिनं ‘शाळेमागचा ताड’ असं लिहिलं होतं.”

त्यांनी मान वर केली. “शालेमागं ताड कुटं हाय?”

“नाही ना. म्हणून तर मी दुरुस्त केलं.”

वाक्य मोठ्यानं तोंडातून गेलं आणि माझ्याच कानाला ते कळलं.

नाखवा माझ्याकडे बघत होते, मग घराकडे बघायला लागले. ती दारात उभी होती. तिनं खडक लपवला होता. माझा हट्ट मोडवेना म्हणून तिनं लेख दिला आणि वडिलांचा खडक एका नसलेल्या झाडामागं झाकून ठेवला. मी तो शोधून काढून सगळ्यांच्या हाती दिला होता, तांबड्या शाईनं, आणि तिनं आपल्या बापालाही माझं नाव सांगितलं नव्हतं.

“तुमचं बरोबर हाय बाई,” नाखवा हळू म्हणाले. “ताड देवलामागंच हाय.”

मला रडू कोसळलं. मी काय काय बोलले आठवत नाही. तिला परत पाठवा, मी तिला घरी राहायला नेते, असंही म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. “खडक आता सगल्यांना दिसतो. मी बांधकामावर जातो परवापासनं. हिच्या आईला पाटी उचलाया हात लागतात.” मग म्हणाले, “तो पैला कागद तुमच्याकडं हाय ना? तो तेवढा आना.”

नियम मोडून मी तो दुसऱ्याच दिवशी नेला. मुलगी अंगणात मासे पसरत होती. हात धुऊन आली. नाखवा म्हणाले, “वाच.” तिनं वाचलं. आवाज खाली गेला नाही, स्पष्ट वाचलं, मी शिकवलं तसं. खुणा जुळवताना बाबा बोलत नाहीत, श्वासही हळू घेतात, इथपर्यंत आली तेव्हा नाखवांनी डोळे मिटले होते. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “चांगलं लिवलंस.” ती आत गेली. चुलीवर पाणी उकळत होतं. तिनं तो कागद चुलीत सारला आणि बाहेर येऊन पुन्हा मासे पसरायला बसली. मला तिनं चहा दिला. “बाई” म्हणाली. आणि परत माशांकडे वळली.

त्यानंतर मी खर्डे ठेवणं सोडलं. लाल शाई सोडली. नोकरी मात्र सोडली नाही, मला दुसरं काही येत नव्हतं. पुढल्या वर्षी तिचं लग्न झालं, डहाणूच्याही वर कुठंतरी, एवढं कळलं. तिच्या आईनं बोईसरच्या बाजारात मला पुन्हा कधी हटकलं नाही.

डिसेंबरात कॉलेजच्या कारकुनानं कमी झालेल्या मुलांची यादी माझ्याकडे तपासायला पाठवली होती. माझं नाव झालं होतं ना, चूक सोडत नाही म्हणून. तिच्या नावापुढं, कॉलेज सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात, त्यानं लिहिलं होतं: ‘घरगुती अडचण’. खरं कारण काय ते त्या कॉलेजात फक्त मला माहीत होतं. पेन हातात होतं. मी यादीवर सही केली आणि ते दुरुस्त न करता परत पाठवलं.